पाळी जवळ आली की चावणं वाढतं: हे पाळीमुळेच, हे कसं ओळखायचं?

प्रश्न: बौद्धिक अक्षमता असलेली २२ वर्षांची मुलगी, बोलणं दोन-चार शब्दांपुरतं. महिन्यातले काही दिवस हात चावते, डोकं आपटते, झोपत नाही. घरचे म्हणतात, पाळीचंच आहे. खात्री कशी करायची?

उत्तर १: रक्तस्राव सुरू झाला तो दिवस १ला धरून निदान दोन, जमल्यास तीन पाळ्या नोंद ठेवा. रोज. नुसते वाईट दिवस लिहिले की तेवढेच पाळीला चिकटवले जातात, बाकीचे विसरले जातात. 'चिडचिड' असं मोघम नको. 'हात चावला, ४ वेळा' असं लिहा. झोप, शौच, फिट, औषधंही. त्रास आधीच्या आठवड्यात चढून रक्तस्राव सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत उतरला, तर तो पाळीपूर्व त्रास. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच असला, तर आधी दुखणं समजा. महिनाभर सारखाच असला, तर दात, कान, लघवीचा संसर्ग तपासून घ्या.

उत्तर २: दुखण्याबद्दल थोडं. पोटाशी गुडघे घेणं, जेवण नाकारणं, कमरेला हात लावू न देणं, ही तिची भाषा. इबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही वेदनाशामकं प्रोस्टाग्लँडिन (गर्भाशयात कळा आणणारं रसायन) तयार होऊ देत नाहीत, म्हणून कळा भरात आल्यावर दिलेली गोळी कमी पडते. डॉक्टरांनी सांगितलेला डोस पाळी सुरू होताच, खाल्ल्यावर, दोन-तीन दिवस ठरल्या वेळी द्या. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर ते आधीच सांगा. गोळीने चावणं थांबलं, तर निम्मं उत्तर मिळालंच.

उत्तर ३: औषधांची यादी सोबत न्याच. रिस्पेरिडोनने (चिडचिड, आक्रमकपणा यांसाठी देतात ते मानसिक आजारांवरचं औषध) प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढून पाळी लांबते किंवा थांबते. मग रोजच्या नोंदींचा तक्ता कशाशी जुळवणार? कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही फिटची औषधं गर्भनिरोधक गोळ्यांचा असर घटवतात. उलट इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी लॅमोट्रिजिन या फिटच्याच औषधाची रक्तातली पातळी उतरते आणि फिट वाढू शकतात. 'पाळीच बंद करा' म्हणण्याची घाई नको: दर तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनने हाडांची घनता घटते, आणि चालणं-फिरणं कमी असेल तर हाडं आधीच कमकुवत असतात.

प्रश्नकर्ता: ती पॅडही ओढून काढते. ते कशात धरू?

उत्तर १: वेगळा रकाना. त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय झालं तेही लिहा. पॅड बदलतानाच चावत असेल, तर हार्मोनपेक्षा चिकटपट्टी, ओलेपणा किंवा घाईने केलेला स्पर्श यांवर संशय जास्त. पाळी नसतानाही रोज थोडा वेळ कोरडं पॅड लावून सवय करा, किंवा पाळीसाठीची शोषक निकर वापरून बघा.