हिंदू-मुस्लिम संबंधांवरील अभ्यासक्रम निवडावा का? अनुभव आणि सल्ला हवा

रत्नागिरीची विद्यार्थिनी:
नमस्कार. मी इतिहासात एम. ए. करत असून पुढील सत्रात हिंदू-मुस्लिम संबंधांवरील ऐच्छिक विषय घेण्याच्या विचारात आहे. आमच्या गावात दोन्ही समाजांची घरे आहेत. घरात मात्र हा विषय निघत नाही आणि निघालाच तर आवाज चढतात; म्हणूनच तो नीट शिकावा असे वाटते. ज्यांनी असा अभ्यासक्रम केला आहे त्यांनी वर्गातील चर्चा कशी असते, काय वाचावे आणि प्रकल्पासाठी कोकणातील विषय घेता येईल का, हे कृपया सांगावे.

दापोलीचा माजी विद्यार्थी:
अवश्य घ्यावा. मी तो मुंबईत केला. १८९३ ची मुंबईतील दंगल, १९०९ च्या सुधारणांनी आलेले मुस्लिमांसाठीचे विभक्त मतदारसंघ, काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातील १९१६ चा लखनौ करार, खिलाफत चळवळ, फाळणी आणि १९९२-९३ च्या दंगलींवरील न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल असा आमचा क्रम होता. लखनौ करारावर सर्वाधिक वेळ गेला आणि ते योग्यच झाले, कारण गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देणाऱ्या टिळकांनी विभक्त मतदारसंघांना संमती का दिली, या प्रश्नाला कोणत्याही बाजूचे तयार उत्तर पुरत नाही. श्रीकृष्ण अहवालाच्या सारांशावर भागवू नका. त्यातील पोलीस ठाणेनिहाय भाग स्वतः वाचा.

प्रत्येक विधानामागचा पुरावा दाखवावा, असा आमच्या प्राध्यापकांचा आग्रह असे आणि त्यामुळे चर्चा सहसा भरकटत नसे. मात्र प्रत्येक वेळी खुलासा वर्गातील मुस्लिम विद्यार्थ्यांकडेच मागितला जाई, हे मला अखेरपर्यंत खटकले. तुमच्या वर्गात तसे घडू लागले, तर वेळीच बोला.

अभ्यासक्रमात आपला किनारा जवळजवळ नव्हताच. अरब व्यापाराशी नाते सांगणारे कोकणी मुसलमान, आदिलशाहीतील दाभोळ बंदर, जंजिऱ्याचे सिद्दी आणि त्याच काळात शिवाजी महाराजांच्या आरमारात अधिकारी असलेला दौलतखान, यांपैकी कशावरही स्वतंत्र तास झाला नाही. म्हणून मी प्रकल्प खोतीवर केला. गावाचा सारा वसूल करणारे हे खोत दोन्ही धर्मांचे होते आणि १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेले खोती रद्द करण्याचे विधेयक त्या सर्वांनाच लागू होणारे होते. मला मिळालेल्या एका जुन्या मक्त्याच्या, म्हणजे ठरलेल्या खंडाच्या, चिठ्ठीत परकार आडनावाचा मुस्लिम खोत, कुणबी कूळ आणि भाताचे मण एवढाच मजकूर होता. तेथे वाद होता तो पिकाच्या वाट्याचा.

चिपळूणचे वाचक:
वरील सल्ला चांगला आहे, तरी केवळ व्यवहारातील एकोपा शोधत फिरू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई अभ्यासक्रमात नसले तरी वाचा. १९६६ मध्ये मुंबईत तलाकपीडित महिलांचा मोर्चा काढणाऱ्या आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापणाऱ्या या माणसाने 'इंधन' या कादंबरीत शेजारी राहणाऱ्यांचे संबंध कसे पेटतात हे कोणालाही झुकते माप न देता दाखवले आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती. त्यानंतर आसपासच्या गावांत लोक एकमेकांशी कसे वागले, हेही विचारायलाच हवे.

रत्नागिरीची विद्यार्थिनी:
मनापासून आभार. येथील मिरकरवाडा बंदरावरील तांडेल (बोटीचे प्रमुख) आणि खलाशी यांच्या मुलाखती घ्याव्यात असे ठरवते आहे. सुरुवात कशी करावी?

दापोलीचा माजी विद्यार्थी:
धर्माच्या प्रश्नाने करू नका. बोटीवर कोण कोणाबरोबर जाते, वाटे कसे पडतात, लिलावात उधारी कोणाला मिळते आणि सण आला की बोट कोणासाठी थांबते, हे आधी विचारा. उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहून घ्या आणि परवानगीशिवाय नाव छापू नका. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत गेलात तर उत्तम. तेव्हा बोटी किनाऱ्याला असतात आणि जाळी सांधत बसलेल्या माणसांना बोलायला सवड असते.