२८ दिवसांत किती टक्के विघटन, ते आधी विचारा

यंत्राचे भाग धुवायच्या द्रावणाच्या कॅनवर 'बायोडिग्रेडेबल', म्हणजे जिवाणूंकडून विघटन होणारं, असं लिहिलंय, मग नाल्यात सोडलं तर काय बिघडलं, असं काही जण विचारतात. नुसत्या शब्दावर विसंबू नका. सेफ्टी डेटा शीटचा, म्हणजे रसायनासोबतच्या सुरक्षा-माहितीपत्रकाचा, १२वा विभाग काढून विघटनाची चाचणी कुठली ते बघा. मिश्रण असेल तर प्रत्येक घटकाचा आकडा वेगळा मागा.

ओईसीडी ३०१ ही पदार्थाचं सहज विघटन होतं का ते बघणारी प्रमाणित चाचणी, तिच्यात २८ दिवस असतात. ऑक्सिजनचा वापर किंवा बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजला तर पूर्ण विघटनाच्या ६० टक्के, पाण्यातून कमी झालेला विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजला तर ७० टक्के गाठावे लागतात, तेही विघटन १० टक्क्यांवर पोचल्यापासून १० दिवसांत. या विरघळलेल्या कार्बनच्या आकड्याकडे मी जरा संशयानेच बघतो. पदार्थ गाळाला नुसता चिकटला तरी पाण्यातून गेल्यासारखा दिसतो.

आणि हे सगळं गोड्या पाण्यात. नाल्यातलं पाणी मात्र पुढे नदीत जातं, आणि मे महिन्यात गोव्यातल्या जुवारी नदीत भरतीचं खारं पाणी किती आत चढतं, ते खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, शेती करणाऱ्यांना विचारा! समुद्राच्या पाण्यासाठी ओईसीडी ३०६ ही वेगळी चाचणी आहे, तिथे जिवाणू कमी आणि विघटन बहुधा संथ. शिवाय विघटन होताना पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतोच. मासे निदान दूर जातील, तिसऱ्या आणि खुबे या शिंपल्यांना तिथून हलता येत नाही.