मेसरश्मिट १०९ जी-६ : किटमधील तपशील कितपत खरे मानावेत?

प्रश्न – कागदकात्री
मी दुसऱ्या महायुद्धातील जर्मन लढाऊ विमान मेसरश्मिट १०९ जी-६ ची १:४८ प्रमाणातील प्रतिकृती किटमधून जोडत आहे. माहितीपत्रकानुसार हे विमान १९४३ च्या उन्हाळ्यातले आहे, मात्र त्याच पत्रकात कमी पट्ट्यांची, मोठ्या काचांची कॅनोपी (वैमानिकाच्या जागेवरचे पारदर्शक झाकण) आणि उंच शेपूट बसवण्यास सांगितले आहे. खोक्यात जाड चौकटींची जुनी कॅनोपी आणि आखूड शेपूटही आहे. यांपैकी काय लावावे, आणि एवढी विसंगती दिसल्यावर उरलेल्या किटवर कितपत विसंबावे?

प्रतिसाद – जुना छंदिष्ट
जुनी कॅनोपी आणि आखूड शेपूट लावा. जी-६ चे उत्पादन १९४३ च्या सुरुवातीस सुरू झाले आणि रेगेन्सबुर्ग, लाइपझिग व वीनर नॉयश्टाट येथील कारखान्यांतून ही विमाने हजारोंच्या संख्येने बाहेर पडत असतानाच त्यांत बदल होत गेले. तुम्ही म्हणता ती मोठ्या काचांची कॅनोपी, म्हणजे ‘एर्ला’ कॅनोपी, आणि लाकडी उंच शेपूट हे नंतरचे बदल आहेत. नाकावरचे दोन फुगवटे मात्र हवेतच, कारण ७.९२ मिमीच्या मशीनगनऐवजी १३ मिमीच्या मशीनगन बसवल्यामुळेच ते आले. किट बनवणारे सर्व काळांचे भाग एकाच खोक्यात देतात. गोंधळ बहुधा पत्रक लिहिणाऱ्याचा असतो, साचा करणाऱ्याचा नव्हे.

साच्याची परीक्षा पट्टीने करा. मूळ पंखविस्तार ९.९२ मीटर, म्हणजे १:४८ प्रमाणात सुमारे २०७ मिलिमीटर. एक-दोन मिलिमीटरचा फरक पॉलिशपेपर फिरवतानाही पडतो, त्यासाठी झोप उडवू नये. सात-आठ मिलिमीटरचा असेल तर साचाच चुकला.

प्रतिसाद – निळी शाई
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त छायाचित्रांबाबत एक सावधगिरी सुचवतो. उडत्या स्थितीतील ‘मेसरश्मिट’ म्हणून जी रंगीत छायाचित्रे सर्वत्र दिसतात, त्यांतील बरीच विमाने प्रत्यक्षात युद्धानंतर स्पेनमध्ये बांधलेली ‘बुचोन’ आहेत. त्यांत ब्रिटिश मर्लिन इंजिन आहे. जर्मन डायम्लर-बेन्झ इंजिन उलटे बसवलेले असल्याने एक्झॉस्टच्या नळ्या नाकाच्या खालच्या बाजूस येतात. मर्लिनमध्ये त्या वर येतात आणि नाकाची हनुवटी फुगते. अशा छायाचित्रावरून किटचे नाक ‘सुधारायला’ गेलात तर बरोबर असलेला भाग बिघडवाल.

रंगांसाठी आधार धरायचा तो आरएलएम (जर्मन हवाई मंत्रालय) यादीतील ७४, ७५ आणि ७६ क्रमांकांच्या करड्या छटांचा. त्यांच्या नेमक्या उजळपणावर वाद घालण्यात मला रस उरलेला नाही.

कागदकात्री
आभार. आणखी एक शंका: शेपटीवरील स्वस्तिकाचे डेकल (चिकटवायचे छापील चिन्ह) पत्रकात दाखवले आहे, पण डेकलच्या कागदावर नाही. हे अनवधानाने राहिले असावे का?

जुना छंदिष्ट
तसे नसावे. नाझी चिन्हांच्या प्रदर्शनावर जर्मनीत कायदेशीर निर्बंध आहेत, म्हणून अनेक उत्पादक ते चिन्ह वगळतात किंवा दोन तुकड्यांत छापतात. मूळ विमानावर ते होतेच, त्यामुळे डेकल वगळल्यास अचूकतेत तेवढी उणीव राहते. लावावे की नाही, हे तुम्ही ठरवा.

कागदकात्री
पंख मोजले. २०६ मिलिमीटर भरले. जुनी कॅनोपी आज रात्री चिकटवतो.