रस सहा की नऊ? (१७ उभे, आणि माझा संताप)

खोडरबर
काल 'पाऊणकी' यांनी लिहिलं, "गूढ शब्दकोड्यात गणित आलं की रडणाऱ्यांनी पुरवणीतली साधी कोडी सोडवावीत." गप्प बसणार होतो. जेवण झालं, भांडी घासून झाली, तरी डोक्यातून जाईना. म्हणून लिहितो.

आपल्या कोड्यातलं १७ उभ्याचं सूत्र, म्हणजे ज्यावरून शब्द ओळखायचा ती ओळ, आठवा: "रस-गुण मांडले की दोघं पाठ फिरवतात (३)". मराठी माणसाला रस म्हटलं की नऊ आठवतात, फार तर आमरस. गुण म्हटलं की पत्रिकेतले, नाहीतर दहावीचे. शेवटी आमच्या मजल्यावरच्या संस्कृतच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, संस्कृतात आकड्यांऐवजी शब्द वापरायचे, त्या भाषेत रस सहा, गुण तीन. झालं! त्रेसष्ट. तीन अक्षरं, चपखल. पेनाने लिहिलं. आणि मग २३ आडव्याचं पहिलं अक्षर आलं 'ष्ट'. 'ष्ट'ने सुरू होणारा मराठी शब्द मी दादर ते डोंबिवली शोधत होतो, उभ्याने.

उत्तर निघालं छत्तीस. का, तर आकडे म्हणे उजवीकडून मांडायचे. हे सूत्रात कुठे लिहिलंय? उलटवायचं तर 'माघारी', 'उलट', काहीतरी इशारा द्यायचा, हा साधा नियम आहे. कोडं शब्दांचं आहे की स्कॉलरशिपच्या परीक्षेचं?

पाऊणकी
ते कोडं मीच रचलंय, तेव्हा मीच उत्तर देते. 'पाठ फिरवतात' हे काय शोभेला घातलं होतं? ६३ लिहून बघा. सहा आणि तीन समोरासमोर गप्पा मारत बसलेत. ३६ लिहा. पाठीला पाठ. छत्तीसचा आकडा कधी ऐकला नाहीत का?

आणि 'अंकानां वामतो गतिः', म्हणजे आकडे डावीकडे सरकत मांडायचे, हा माझा शोध नाही. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त स्वतःचा जन्मशक 'रसगुणपूर्णमही' असा दिलाय. सहा, तीन, शून्य, एक. उजवीकडून मांडा: शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. पुढे म्हणतात, 'रसगुण' वर्षांचा असताना ग्रंथ रचला. म्हणजे छत्तिसाव्या वर्षी. तुमच्या हिशेबाने बिचारे त्रेसष्टीला टेकले.

खोडरबर
भास्कराचार्य कोडं रचत नव्हते, तारीख सांगत होते. आणि त्यांचे वाचक त्यांच्यासारखेच होते. मी हापिसातून दमून येणारा माणूस आहे.

रीडिंगकर
इकडे विलायतेत हे भांडण जुनंच आहे. 'द टाइम्स'मध्ये येणारं 'लिसनर' कोडं वर्षातून चार वेळा अख्खं आकड्यांचं असतं. त्या आठवड्यात माझा एक इंग्रज सहकारी कोड्याचं पान न उघडताच पेपर घडी करून ठेवतो. पण चारच वेळा, आणि ते आधीपासून ठाऊक असतं. बाकी इंग्रजी कोड्यात पन्नासला 'एल', हजाराला 'एम' हे चालतंच, कुणी रडत नाही. 'इलेव्हन प्लस टू'ची अक्षरं हलवली की 'ट्वेल्व्ह प्लस वन' होतं, बेरीजही तेरा आणि अक्षरंही तेरा. असं गणित असेल तर मी दहा वेळा सोडवीन. पाठांतर लागणारं नको.

चिमटा
मी वेगळीच अडले. ७ आडवे, "एक्याऐंशीचं वर्गमूळ पंढरीला निघालं, आजी नेसते (४)". वर्गमूळ येतं हो, इंजिनिअर आहे मी. एक्याऐंशी म्हणजे किती हे येत नाही! भाजीवाला 'एकोणऐंशी' म्हणाला की मी मुकाट्याने शंभराची नोट पुढे करते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा तुम्ही सगळे तुटून पडलात. माझ्या वेळी असतं तर नऊवारी मला सुटली असती.

तिरकस काकू
'वीस एक' म्हणजे मराठीत अंदाजे वीस! "वीस एक माणसं जेवायला आहेत" असं सासूबाई म्हणाल्या तर मी पोळ्या कितीच्या करायच्या? आमची आई चौथी शिकलेली. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, सगळे पाढे तोंडपाठ. मंडईत तिला फसवणारा माणूस जन्मला नव्हता. भाषा सोपी करता करता मारून टाका एकदाची.

निवृत्त मास्तर
काकू, आईंना नमस्कार. पण माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया ऊसतोडीला जायच्या. पाढे म्हणून घ्यायला घरी कोण होतं? जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं काढली. 'पंचवीस' सांगितलं की पोरगं पाच आधी ऐकतं आणि ५२ लिहून मोकळं होतं. रोज. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी हेच दुखणं ओळखलं. जुनी नावं पुस्तकातून काढलीही नव्हती. पण तुम्हाला विनोद करायचे होते. विधानसभेतसुद्धा कोट्या झाल्या.

तिरकस काकू
म्हणजे ऊसतोडीच्या पोरांची काळजी फक्त तुम्हालाच. आम्ही काय मोदक वळत बसलो होतो?

रीडिंगकर
आपण शब्दकोड्यावर बोलत होतो ना?

निवृत्त मास्तर
तुम्ही तिकडे बसून सल्ले देऊ नका.

पाऊणकी
थांबा, मास्तर. तुम्ही आत्ता माझीच बाजू मांडलीत. पंचवीस म्हणताना पाच आधी, वीस नंतर. म्हणजे मराठी माणूस रोज आकडे उजवीकडूनच बोलतो. छत्तीस म्हणजे काय? आधी 'छ', मग 'तीस'. आधी रस, मग गुण. सूत्रातही त्याच क्रमाने! खोडरबर, आता सांगा, उलटवलंय कुठे?

निवृत्त मास्तर
मी पोरं चुकतात म्हणून सांगत होतो. तुम्ही तीच चूक कोड्यात घालून मिरवताय.

चिमटा
'छ' म्हणजे सहा हे मला आत्ता कळलं. खरंच.

खोडरबर
बरं. हे काल एका ओळीत सांगितलं असतंत तर माझी लोकल वाया गेली नसती. भास्कराचार्यांना कशाला उठवलंत? सूत्र बरं आहे. उत्तम म्हणणार नाही. २३ आडवेही सुटलं: "एकावर पाव, पुण्यात डिसेंबरला गर्दी (३)". सवाई. यालाही गणितच लागतं हे तुम्ही म्हणणार, म्हणून आधीच सांगतो: पाव-सव्वा हे गणित नाही, व्यवहार आहे.

आणि रस नऊच.

तिरकस काकू
अहो, उत्तरं पाठवायची मुदत रविवारपर्यंत होती ना? माझं निम्मं कोडं व्हायचंय. चार-चार उत्तरं फोडलीत मेल्यांनो.

पाऊणकी
तीनच. रीडिंगकरांचं माझ्या कोड्यातलं नव्हतं.