इलेक्ट्रिकल वर ठेवू की कॉम्प्युटर? इंजिनिअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म (कॉलेज-शाखांच्या पसंतीची यादी) भरायचाय

वायंडिंगवाल्याची_लेक:
नमस्कार. मी बार्शीची. सीईटीला (राज्याची प्रवेश परीक्षा) पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये, 93.4 पर्सेंटाइल आहेत. ओबीसी, नॉन क्रिमीलेअर काढलंय, पडताळणीचं प्रमाणपत्रही हातात आहे. उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली.

पप्पांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. एप्रिल-मे महिन्यात जळलेल्या सबमर्सिबलची रांग लागते, शेतकरी दारातच बसून राहतात. आठवीपासून मी हाताखाली असते. स्लॉटमध्ये कागद घालते, वेढे मोजते, वार्निश मारते. वेढे मोजताना कोणी हाक मारली की पप्पा ओ देत नाहीत, आता मीपण देत नाही. मला इलेक्ट्रिकल करायचंय.

मामा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, मोटारीच भरायच्या तर इंजिनिअरिंग कशाला? त्याने चाळीस पर्यायांची यादी पाठवलीय. सगळी पुण्याची कॉलेजं, सगळीकडे कॉम्प्युटर, आयटी नाहीतर एआय, आणि लावलीत गेल्या वर्षीच्या कटऑफप्रमाणे, जास्तकडून कमीकडे. माझ्या मनात सांगलीचं वालचंद आणि कराडचं गव्हर्नमेंट आहे, दोन्हीकडे इलेक्ट्रिकल. पप्पा काहीच बोलत नाहीत.

तर प्रश्न असे. इलेक्ट्रिकल घेऊन पस्तावायची वेळ येते का? यादी कटऑफप्रमाणेच लावायची असते का? आणि लागणार नाही असं कॉलेज वर टाकलं तर खालचंही हातचं जातं, असं क्लासमधली पोरं म्हणतात, ते खरं का?

हिंजवडी_फेज_तीन:
मामाचं ऐक. मी मेकॅनिकल केलं आणि शेवटी आयटीतच आलो. पहिलं दीड वर्ष कॉम्प्युटरवाल्या पोरांना विचारून विचारून काम केलं. जायचं तिथेच आहे तर सरळ रस्त्याने जा.

सबस्टेशनवाली_ताई:
हिंजवडीवाले, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर आहे. पण ही मुलगी आठवीपासून वेढे मोजतेय. तिला "जायचं तिथेच आहे" हे कोणी सांगितलं?

बाळा, मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, पारेषणात आहे. तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्या गैरसमजापायी दरवर्षी मुलं स्वतःचं नुकसान करून घेतात. खालचं हातचं जात नाही. तुझा नंबर आला की यादी वरून खाली बघतात आणि त्यातलं जे पहिलं मिळण्यासारखं असेल ते देतात. वरचं नाही लागलं तर दुसरं बघतात, दुसरं नाही तर तिसरं. नको असलेलं वर टाकलंस तर मात्र फसशील. 2025 च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, व्हायची. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी काहीही लागलं तरी फ्रीज, तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी. फ्रीज झाल्यावर ती घेतली नाही तर पुढच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या बंद. यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाच, नियम बदलत असतात. पण मुद्दा लक्षात आला ना? वरच्या सहांत "बघू तरी लागतंय का" असलं एकही नको.

आता कटऑफप्रमाणे यादी लावण्याबद्दल. 2017 ला मी नेमकं तेच केलं होतं. मला घराजवळचं एक कॉलेज आवडलं होतं, पण दुसऱ्याचा कटऑफ जास्त म्हणून ते वर टाकलं. लागलं. पेढे वाटले. नाव लिहीत नाही. मशीन लॅबमध्ये पाच सेट होते, त्यातला एक चालायचा. पंचवीस जणांच्या बॅचमध्ये चार जण रीडिंग घेणार, बाकीचे उतरवणार. पुढे तोही बंद पडला, मग सीनिअरच्या जर्नलमधली रीडिंग आमच्या जर्नलात. कटऑफ म्हणजे गेल्या वर्षी तिथे जाणाऱ्यांतल्या शेवटच्याचे पर्सेंटाइल. त्यावरून गर्दी कळते, आत काय शिकवतात ते कळत नाही.

आणि कटऑफची यादी वाचताना कोड बघ. LOBCH मधला L म्हणजे मुलींची जागा, मधे प्रवर्ग, शेवटचा H म्हणजे होम युनिव्हर्सिटी. O असेल तर बाहेरच्या विद्यापीठाचे, S म्हणजे राज्यस्तर. तू सोलापूर विद्यापीठाची. सांगली शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत येते. जिथे H आणि O वेगळे दिलेत तिथे तुला O बघायचाय. H चा आकडा बघून हुरळून जाऊ नकोस.

नोकरीचं म्हणशील तर महावितरण, महापारेषण, महानिर्मिती यांच्या इलेक्ट्रिकल अभियंत्यांच्या भरतीला इलेक्ट्रिकलची पदवी लागते. पदवीनंतरची गेट परीक्षा दिलीस तर एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या कंपन्या आहेत. भरती दरवर्षी निघेलच असं मात्र धरून चालू नकोस, माझी दोन वर्षं वाट बघण्यात गेली. ते दिवस वाईट होते, खोटं कशाला बोलू. आयटीत जायचं झालं तर इलेक्ट्रिकलवरून जाता येतं. कॉम्प्युटर करून सबस्टेशनला येता येत नाही.

कॉलेज मात्र डोळ्यांनी बघून ये. ॲडमिशनच्या मांडवात बसू नकोस, सरळ मशीन लॅब दाखवा म्हण. तुला वेगळं काही शिकवायला नको, दुकानातल्या नजरेनेच बघ.

दोन_मुलींचा_बाप:
ताईंनी बरंच सांगितलं, मी फक्त पैशाचं आणि कागदांचं बोलतो.

2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. पण प्रवेश कॅपमधूनच झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत संपली. माझ्या थोरलीच्या वेळी एका कॉलेजातल्या गृहस्थांनी "आत्ताच कोट्यातून घ्या, सवलत नंतर बघू" असं सांगितलं होतं. बरं झालं, उठून आलो. राहणं, मेस आणि बाकीची फी लेखी विचारून घ्या. पुण्यात कॉट बेसिसवर राहण्याचा वर्षाचा खर्च आणि सांगली-कराडचा खर्च शेजारी शेजारी मांडून मामांना दाखवा.

आणखी एक. वालचंद दोन आहेत. सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग वेगळं, सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी वेगळं. घाईत एकाच्या जागी दुसरं पडतं. नावावर जाऊ नका, चॉइस कोड जुळवा. फॉर्म कन्फर्म केला की प्रिंट काढून घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा.

हिंजवडी_फेज_तीन:
बरं, हरलो. पण एक सांगतो, पुण्यातच जायचं ठरलं तर एआय, डेटा सायन्स अशा पाट्या बघून हुरळू नकोस. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) 2024-25 पासून जागांवरची कमाल मर्यादा काढली आणि बऱ्याच ठिकाणी या शाखांच्या तुकड्या वाढल्या. शिकवणारे तेवढ्या वेगाने कुठून येणार? एनबीए हे दर्जाचं मानांकन शाखेला असतं, अख्ख्या कॉलेजला नसतं. तुझ्या शाखेला आहे का ते विचार. आणि सर्वांत मोठं पॅकेज किती ते विचारू नकोस. प्लेसमेंटला किती जण बसले, किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाला किती मिळाले ते विचार. माझ्या कॉलेजच्या फ्लेक्सवर ज्या मुलाचा फोटो होता, तो आमच्या बॅचचा नव्हताच.

वायंडिंगवाल्याची_लेक:
सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण फिरत होतो. पप्पांनी दुकान दोन दिवस बंद ठेवलं. कधी नव्हे ते! मिरजेची गाडी पकडून निघालो, पंढरपूर गेल्यावर मला झोप लागली. पप्पा काही झोपले नाहीत.

यादीतली दोन कॉलेजं पाहिली, नावं लिहीत नाही. पहिल्या ठिकाणी सरांनी लॅब उघडून दाखवली. फरशी चकचकीत, भिंतीवर नवे चार्ट. पप्पा कशाकडे बघतायत ते मला आधी कळेना. मोटारीच्या शाफ्टवर लोड टेस्टचा ब्रेक ड्रम असतो, त्यावर दोरी आवळून लोड देतात. पप्पांनी त्यावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. तांबूस गंज. हळूच म्हणाले, "ह्याला दोरी लागून वरीस झालं असंल."

दुसऱ्या ठिकाणी लॅब जुनाट, रंग उडालेला, खिडकीची एक काच फुटलेली. पण ड्रम दोरी घासून आरशासारखा झाला होता. कार्बन ब्रशची काळी पूड खाली सांडलेली, आणि एका स्टार्टरची कॉइल कुणीतरी हाताने भरलेली. पप्पा तिथल्या अटेंडंटशी अर्धा तास बोलत बसले, गेज कोणतं वापरलं वगैरे. मला निघू या म्हणावं लागलं.

परत येताना पप्पा स्वतःहून एवढंच म्हणाले, "काचेचं काय, काच बसवता येती."

तर फॉर्म असा भरतेय. वरचे सहाही इलेक्ट्रिकल, त्यात ते दुसरं कॉलेज सगळ्यात वर. गंजलेला ड्रमवाला काढून टाकला. मामाच्या यादीतले चार खाली घेतलेत, एनबीए बघून. एकूण 22 झाले. मामाला अजून सांगितलं नाही. 22 पुरतील का?

सबस्टेशनवाली_ताई:
तीनशेपर्यंत भरता येतात. लागलं तर नक्की जाशील अशी अजून दहा-पंधरा शोध, आणि सातव्यापासून पुढे टाक, वरच्या सहांना हात लावू नकोस. मामाला फॉर्म कन्फर्म झाल्यावर सांग.