साडेतीन वर्षांच्या मुलाला टीव्ही किती वेळ दाखवता?

चिंचवडची_आई:
मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, आम्ही दोघं नोकरीला, दिवसभर तो सासूबाईंजवळ. सकाळी दुधाबरोबर मोटू पतलू, दुपारी जेवताना छोटा भीम आणि सात वाजले की आईंच्या सिरियल्स, त्या थेट दहापर्यंत, हा तिथेच मांडीवर. चार-पाच तास आरामात होतात. टीव्ही बंद केला की घास गालात धरून बसतो, गिळतच नाही. काल मला म्हणतो "मम्मी मुझे भूक नहीं है", अहो घरात कोणी हिंदी बोलत नाही! आईंना सांगायचं तरी कसं, त्या सांभाळतात म्हणून तर माझी नोकरी चाललीये. तुमच्याकडे किती वेळ असतो?

दोन_पोरांची_आई:
अगं आमच्याकडेही शिनचॅनचं हिंदी होतं, शाळेत जायला लागला आणि गेलं, त्याचं टेन्शन नको घेऊ. वेळेचं म्हणशील तर भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये सांगितलंय की 2 वर्षांखाली टीव्ही-मोबाइल अजिबात नको आणि 2 ते 5 वयाला दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, तोही मोठं माणूस शेजारी बसून. एवढं आमच्याकडून काही पाळलं गेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण जेवताना टीव्ही तेवढा बंद केलाच, कारण त्या नादात पोट भरलं की नाही हेच पोरांना कळत नाही. पहिले तीन दिवस तमाशा, ताट लाथाडलं, मी पण रडले. मग ओट्याशी पाटावर बसवून मटार सोलायला दिले, निम्मे त्याच्या तोंडात, निम्मे फ्रीजखाली. चौथ्या दिवशी मुकाट वरणभात जेवला.

नातवंडवाली:
मी आजी आहे, त्यामुळे सासूबाईंची बाजू घेणार. गुडघे दुखत असताना वाटी घेऊन पोरामागे घरभर पळून बघा एकदा, मग छोटा भीम देवासारखा वाटतो. दोन-तीन तास बालवाडीत घाला, त्यांनाही पाठ टेकता येईल. सिरियल्सचं म्हणाल तर बऱ्याच दुसऱ्या दिवशी दुपारी रिपीट लागतात, तो झोपलेला असताना बघता येतात. आमची नात सिरियल बघून भांड्यावाल्या मावशींना म्हणाली, "या घरात तुला जागा नाही." त्या दिवसापासून मी दुपारीच बघते.

सांगलीकर:
आमच्या जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे 2022 पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही मोबाइल बंद, साडेआठपर्यंत, पोरांनी अभ्यासाला बसायचं. ते जमलं कारण मोठ्यांनीही बंद केलं. नाहीतर आपण सोफ्यावर मोबाइल घेऊन बसायचं आणि पोराला म्हणायचं जा चित्र काढ, कोण ऐकणार? ताई, तुमचे मिस्टर घरी आल्यावर काय करतात ते नाही लिहिलं तुम्ही 😀

चिंचवडची_आई:
@सांगलीकर मिस्टर आयपीएल, नाहीतर बातम्या, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल. आज धीर करून आईंना रिपीटचं विचारलं, तर त्यांना सगळ्या वेळा तोंडपाठ! हो म्हणाल्या. फक्त रविवारचा महाएपिसोड रात्रीच बघणार, त्यावर बोलायचं नाही.