मदत हवी आहे: पर्यावरणशास्त्रानंतर मत्स्यपालनात जाता येईल का?
नमस्कार मंडळी. मी रावेरकडचा, घरची केळी. पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. झालंय. शेततळ्यात हौसेने रोहू-कटला सोडले होते. मे महिन्यात एका पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले. उजाडेपर्यंत निम्मे पोट वर करून तरंगत होते. पाणी हिरवंगार, शेवाळानेच रात्रभरात ऑक्सिजन ओढलेला. पुस्तकातलं तेव्हा कळलं!

आता यातच काम करायचंय. पण एम.एफ.एस्सी.ला (मत्स्यशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) बहुतेक ठिकाणी बी.एफ.एस्सी.च (मत्स्यशास्त्राची पदवी) मागतात. त्यासाठी उदगीर-नागपूरला पुन्हा चार वर्षं? वडील म्हणतात, गपचूप केळीचे घड मोज.

हतनूर, गिरणा धरणांवर किंवा नवापूरकडे उकाई धरणाच्या फुगवट्यावर पिंजऱ्यात मासे वाढवणं, पाणी तपासणी असलं काम करणारं कुणी आहे का? हाताखाली शिकायला ठेवाल? पगाराचंही खरं सांगा, नुसतं 'स्कोप आहे' नको.